खळगा कोरलेला, वर दगडफूल. अतिनील प्रकाश काय दाखवतो?

देवळाली कॅम्पभोवतीच्या टेकड्यांचा काळा बेसाल्ट विदर्भातल्या दफनस्थळांवरही आहे. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत, लोहयुगीन दफनांच्या खुणा. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत; रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879मध्ये त्यांविषयी लिहिले. उघड्यावरच्या दगडावर दगडफूल चढतेच (काळ्या मसाल्यातल्याच जातकुळीचे). खरवडले, तर खळग्याची कडाही जाते.

त्याऐवजी रात्री अतिनील दिवा टाकून, लेन्सवर अतिनील किरण अडवणारा फिल्टर लावून छायाचित्र घेता येते. काही दगडफुले पिवळी-नारिंगी चमकतात, बेसाल्ट काळाच राहतो. वाढ कुठवर पसरली ते हात न लावता कळते. खळग्याची खोली मात्र दिसत नाही. त्यासाठी साध्या विजेरीचा तिरपा उजेडच बरा.