परसबागेच्या बियाण्यासाठी कागदी पुड्या

परसबागेत पिकणारा वाल, दुधी, दोडका, वांगे किंवा मिरची यांचे बियाणे दरवर्षी बाजारातून आणण्याची प्रथा आपल्या खेड्यांत पूर्वी नव्हती. घरची गृहिणी वेलावरचे एखादे चांगले फळ राखून ठेवी, ते पूर्ण पक्व झाल्यावर बी काढी आणि राखेत घोळून गाडग्यात ठेवी. कित्येक घरी वालाच्या शेंगा किंवा मक्याची कणसे चुलीच्या वर टांगलेली असत. चुलीची ऊब आणि धूर यांमुळे ती कोरडी राहत व त्यांना कीड लागत नसे. आता बहुतेक घरांतील चूल विझून तिच्या जागी गॅसची शेगडी आली आहे. चुलीबरोबर बियाणे सुकते ठेवण्याची सोयही गेली. पण तिच्याऐवजी दुसरी व्यवस्था मात्र अनेक घरांत झालेली नाही. परिणामी एखाद्या पावसाळ्यात डब्यातील बी बुरसटते किंवा भुंगेऱ्यांनी पोखरले जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वाण त्या घरातून कायमचा नाहीसा होतो. असा वाण पुन्हा बाजारात मिळेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

हे टाळण्यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे. ते म्हणजे घडी घालून केलेली कागदाची पुडी. तिला डिंक लागत नाही, टाचणी लागत नाही आणि खर्चही येत नाही.

बी कशाने मरते?

बी हा सजीव पदार्थ आहे. ते सुप्तावस्थेत असले तरी त्याचा श्वासोच्छ्वास मंदपणे चालूच असतो. ओलावा आणि उष्णता वाढली की हा श्वासोच्छ्वास वाढतो, बियातील अन्नसाठा खर्च होतो व उगवणशक्ती कमी होते. ठोकळ मानाने असे सांगता येते, की बियातील ओलावा एक टक्क्याने कमी केल्यास त्याचे आयुष्य दुप्पट होते. तसेच साठवणीच्या जागेचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरल्यासही ते दुप्पट होते. म्हणून बियाणे कोरडे आणि थंड ठेवणे, हेच साठवणीचे सारे मर्म होय.

पुडीत भरण्यापूर्वी

निरोगी आणि जोमदार झाडावरील पूर्ण पक्व फळांचेच बी धरावे. पाने चुरडामुरडा झालेल्या किंवा ठिपके पडलेल्या झाडाचे बी धरू नये. काही रोग बियाण्यातूनच पुढे जातात. टोमॅटोचा गर बियांसह एक-दोन दिवस भांड्यात आंबू द्यावा, नंतर बी स्वच्छ धुऊन घ्यावे. असे ओले बी कागदावर न पसरता ताटात किंवा सुपात पसरावे, नाहीतर ते कागदाला चिकटून बसते. प्रथम सावलीत व मग सकाळच्या कोवळ्या उन्हात ते वाळवावे. ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णता बियाला अपाय करते. म्हणून भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर बी कधीही वाळत घालू नये.

बी वाळले की नाही, हे सहज ओळखता येते. दुधीचे किंवा भोपळ्याचे बी वाकविले असता न वाकता कडकन मोडले पाहिजे. वालाच्या दाण्यावर दात रोवला असता खूण उमटता कामा नये.

कोणता कागद घ्यावा?

वहीचा कोरा कागद किंवा वाण्याच्या दुकानातील तपकिरी कागद उत्तम. वर्तमानपत्राचा कागद मऊ असल्याने घडीवर लवकर फाटतो व त्यावर लिहिलेले नीट वाचता येत नाही. प्लॅस्टिकची पिशवी घेऊ नये. बियात थोडा जरी ओलावा राहिला असेल, तरी तो पिशवीत कोंडला जातो आणि बुरशी धरते. कागदातून मात्र हवा खेळते व उरलेला ओलावा बाहेर पडू शकतो.

मोठ्या बियांची पुडी

वाल, चवळी, भेंडी, दुधी, कारले इत्यादींसाठी १५ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कागद घ्यावा. एका फुलस्केप कागदातून असे दोन चौकोन निघतात. पुढील क्रमाने घड्या घालाव्यात :

१. कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करावा. दुमडलेली बाजू आपल्याकडे व टोक वर ठेवावे.

२. डावीकडचा कोपरा उचलून उजव्या तिरप्या कडेवर अशा बेताने न्यावा, की त्याची वरची कड पायाला समांतर येईल.

३. उजवीकडचा कोपरा तसाच त्यावरून डाव्या कडेवर न्यावा.

४. वर कागदाची दोन त्रिकोणी पाने उरतात. त्यांपैकी पुढचे पान खाली वळवून समोरच्या घडीच्या खिशात खोवावे.

५. आता सुमारे ९ सेंटिमीटर रुंद व ६ सेंटिमीटर खोल असा पेला तयार झाला. त्यात बी भरून मागचे पान पुढे वळवावे व त्याच खिशात घट्ट खोवावे.

बारीक बियांची पुडी

राजगिरा, तुळस, कांदा यांचे बी वरील पुडीच्या तोंडाच्या कोपऱ्यांतून गळण्याचा संभव असतो. त्यासाठी वैद्य ज्या घडीत चूर्ण बांधून देतात, तीच घडी वापरावी. १५ सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद कागद आडवा ठेवावा. खालची लांब कड वर नेऊन वरच्या कडेच्या एक सेंटिमीटर अलीकडे ठेवावी. वर उरलेली पट्टी तिच्यावर दुमडावी व तीच पट्टी आणखी एकदा दुमडून नखाने दाबावी. अशी चपटी नळी झाली, की तिचे लांबीत तीन समान भाग कल्पून एका बाजूचा भाग मधल्या भागावर दुमडावा. उघड्या बाजूने बी मधल्या भागात सारावे. मग दुसरा भाग दुमडून त्याचे टोक पहिल्या भागाच्या तोंडात खोवावे. ही पुडी उलटी केली तरी राजगिऱ्याचा दाणाही सांडत नाही.

पुडीवर काय लिहावे?

पुडी भरण्यापूर्वीच, सपाट असताना, शिसपेन्सिलीने लिहावे. शाई दमट हवेत पसरते. पिकाचे नाव, वाणाचे घरगुती नाव, गाव, बी धरल्याचा महिना व वर्ष, आणि वाणाचा एखादा गुण, इतका मजकूर पुरे. ‘वाल, पांढरा, फेब्रुवारीत धरला, शेंग कोवळेपणी खावी’ एवढ्या ओळीवरूनही घेणाऱ्याला पुष्कळ बोध होतो. नाव नसलेली पुडी पुढच्या वर्षी बहुधा फेकली जाते.

पुडीची साठवण

कागद ओलावा बाहेर सोडतो, तसाच पावसाळ्यात आतही घेतो. विशेषतः कोकणातील दमट हवेत नुसत्या पुड्या फडताळात ठेवणे धोक्याचे आहे. सर्व पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवाव्यात. तळाशी सिलिका जेलची पिशवी ठेवावी. ती न मिळाल्यास तांदूळ कढईत चांगले कोरडे भाजून, झाकण लावलेल्या भांड्यात थंड करून, फडक्यात बांधून ठेवावेत. बरणी घरातील थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. शीतकपाटात ठेवल्यास अधिक चांगले. मात्र बाहेर काढल्यावर ती घरातील हवेइतकी उबदार होईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांवर दव जमते.

वाल आणि चवळी यांचा भुंगेरा बहुधा शेतातूनच दाण्यात शिरून येतो व साठवणीत बाहेर पडतो. कागद त्याला अडवू शकत नाही. म्हणून ही कडधान्ये चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून मगच पुडीत भरावीत.

एवढी काळजी घेऊनही प्रत्येक बियाचे आयुष्य सारखे नसते. कांद्याचे बी बहुधा एकच वर्ष चांगले उगवते. टोमॅटो, वांगे आणि वेलवर्गीय भाज्या यांचे बी तीन-चार वर्षे टिकते. पेरणीपूर्वी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि आठ ते चौदा दिवसांत किती उगवल्या ते मोजावे. प्रमाणित बियाण्यात टोमॅटो व वांगे यांची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. म्हणजे २० पैकी १४ बिया उगवल्या पाहिजेत. उगवण याहून कमी असल्यास बी दाट पेरावे व त्याच हंगामात नवे बी धरावे.

बियाण्याची देवघेव

एकाच घरी असलेला वाण एका चुकीने नष्ट होऊ शकतो. तोच वाण चार घरी असला, तर एका घरचे बी मेले तरी दुसऱ्या घरून परत मिळते. म्हणून देवघेव हा नुसता शेजारधर्म नसून साठवणीचाच एक भाग समजावा. दुधी-भोपळ्याच्या ६ ते ८, वालाच्या १५ ते २० आणि वांगी-मिरचीच्या ४० ते ५० बिया एका पुडीत पुरेशा होतात. संकरित वाणाचे बी मात्र वाटू नये. त्याच्या पुढच्या पिढीत गुण एकसारखे राहत नाहीत. दुधीचे दोन निरनिराळे वाण जवळजवळ लावले असल्यास त्यांचेही बी मिश्र होते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांचे बियाणे जमवून ते इतर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले. या कार्यासाठी २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याने आपले बियाणे राखावे, पेरावे, त्याची देवघेव वा विक्री करावी, हा त्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने मान्य केला आहे; संरक्षित वाणाचे बियाणे मात्र ब्रँड लावून विकता येत नाही.

शेतकरी भगिनींनी व बंधूंनी येत्या उन्हाळ्यात, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, घरातील बियाणे वाळवून त्याच्या पुड्या कराव्यात. प्रत्येक वाणाच्या निदान तीन पुड्या असाव्यात : एक पेरणीसाठी, एक पीक बुडाल्यास राखीव म्हणून, आणि एक शेजाऱ्याला देण्यासाठी.