रंग बदललेल्या बास गिटारचे वय

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी शिंगांचा हिंगूळ पाहत नाही. तोंड उघडून दात पाहतो. जुन्या इलेक्ट्रिक बास गिटारचेही तसेच आहे. फक्त तिचे दात कुठे असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गेल्या वर्षी एक तरुण माझ्याकडे अशी गिटार घेऊन आला. त्याचे आजोबा मुंबईच्या हॉटेलांतून बास वाजवीत. गिटार होती अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची, 'प्रिसिजन बास' नावाची, आणि तिला कुणीतरी गॅरेजात लालभडक मोटारीचा रंग मारून घेतलेला. घरात पिढीजात सांगणे असे, की ती १९६२ ची. घेणारा म्हणत होता, "छे हो, ही सत्तरनंतरची!" या दोन सांगण्यांत पैशांचे अंतर मोठे होते, आणि त्या पैशांवर घराच्या छपराचे काम अडलेले होते.

अंतर का, तेही सांगतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी ही बास बाजारात आणली. उभ्या, अवजड बासऐवजी गळ्यात अडकवता येईल आणि पडद्यांमुळे सूर नेमका लागेल असे हे वाद्य. म्हणून नाव प्रिसिजन. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएसला विकली. गंमत पाहा, घेणारी कंपनी नभोवाणीवालीच! तेव्हापासून विक्रीआधीची वाद्ये आणि नंतरची वाद्ये असे दोन तट पडले. आधीचे सारे सोने आणि नंतरचे सारे पितळ, असे मात्र मी मानीत नाही. पण भाव त्या तटावरून ठरतो खरा. मूळ रंग गेला असेल तर तो साधारण निम्म्यावर येतो, हीही बाजाराची रूढी.

आता दात पाहू. पहिली नजर जाते ती मागच्या बाजूला, नेक जिथे बॉडीला चार स्क्रूंनी बसवलेली असते तिथल्या धातूच्या पट्टीवर. तिच्यावर क्रमांक असतो. आमच्या गिटारीच्या पट्टीवर क्रमांकाखाली मोठे 'एफ' अक्षर होते. असे अक्षर १९६५ ते १९७६ या काळातल्या पट्ट्यांवर येते. पण पट्टीवर फार भिस्त ठेवू नये. एक तर कारखान्यात पट्ट्या क्रमाने उचलल्या जात नसत. आणि दुसरे, चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते. अंगठी बोटात आहे एवढ्यावरून ती त्याच माणसाची, असे आपण म्हणतो का?

नेकचे तसे नाही. फिंगरबोर्ड पाहा. सुरुवातीला सगळी नेक मेपलची असे. १९५९ पासून वर रोजवुड, म्हणजे आपल्या शिसवाच्या जातीचे लाकूड, चिकटवू लागले. प्रथम ते जाड आणि खालून सपाट असे. १९६२ च्या मध्यापासून पातळ आणि खालूनही गोलाई दिलेले. त्यात बसवलेले ठिपके आधी मातकट, निस्तेज असत. १९६४ च्या अखेरीपासून मोत्यासारखे चमकणारे आले. आमच्या गिटारीचे ठिपके चमकत होते. म्हणजे १९६२ ची गोष्ट तिथेच संपली. पोराचा चेहरा उतरला. म्हटले, थांब जरा, अजून तोंड उघडायचेय.

तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, नेक अलगद उचलली. तिच्या टोकाला, एरवी झाकलेल्या जागी, शाईचा शिक्का होता: '५ मार्च ६६ सी'. "काका, पाच मार्च!" पोरगा ओरडलाच. जवळजवळ सगळे इथे फसतात. तो पाच म्हणजे तारीख नव्हे, प्रिसिजन बासचा नमुना-क्रमांक. 'सी' हे नेकच्या रुंदीचे अक्षर. उरले मार्च १९६६. तीही नेक तयार झाल्याची वेळ. वाद्य जोडले गेले असेल पुढे काही आठवड्यांनी, कदाचित काही महिन्यांनी.

पण नेक एकीची आणि बॉडी दुसरीची असेल तर? म्हणून पुढचे झाकण उघडून आवाज कमीजास्त करणारी बटणे खालून पाहिली. तिथे आकडा कोरलेला होता: १३७६६०५. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी. पुढचे ६६ हे वर्ष आणि ०५ हा आठवडा. (पन्नाशीतल्या बटणांवर वर्षाला एकच आकडा असतो, तेव्हा मोजताना घोटाळा करू नका.) कारखान्याने १९६६ ची बटणे भरपूर घेऊन ठेवली होती, ती दशकाच्या अखेरपर्यंत पुरली. म्हणून बटणे एवढेच सांगतात, की गिटार याच्या आधीची नाही. मात्र सोल्डर पाहावे: आमचे जुनाट, मंद आणि कुणी न छेडलेले होते, तारांवर कापडाचे वेष्टण होते. बटणे मागाहून बदललेली नव्हती.

राहिली बॉडी. रंगारी बाहेरून काचपेपर मारतो, पण नेकच्या खाचेत सहसा हात घालीत नाही. तिथे लाल रंगाच्या कडेखाली मूळची पिवळसर छटा दिसत होती, आणि मधोमध कोऱ्या लाकडाचा पट्टा. रंग देताना बॉडी धरायला कारखान्यात त्या जागी काठी ठोकीत, तिचीच ती खूण. त्याआधीच्या काळात बॉडी बारीक खिळ्यांवर टेकवून रंगवीत. वाळल्यावर खिळे उपटले, की भोकांत कोरे लाकूड दिसे. तेव्हा त्या काळच्या गिटारीत खिळ्याच्या भोकात रंग भरलेला दिसला, तर खुशाल समजावे की तो मागाहून चढवलेला आहे. उलट, एका रंगाखाली दुसरा दिसला म्हणून लगेच पुनर्रंग ठरवू नये. मागणीप्रमाणे खास रंग देताना कारखान्यातच तयार सनबर्स्टवर दुसरा रंग मारल्याची उदाहरणे आहेत.

नेक, बटणे, खाच, पट्टी, सगळ्यांचे बोलणे जुळले. १९६६, कदाचित थोडे पुढे. घरचेही चुकले होते आणि गिऱ्हाईकही. पण गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाच्या फायद्याची होती!

"काका, हा लाल रंग खरवडून पुन्हा सनबर्स्ट मारून घेऊ का? भाव चढेल." मी म्हटले, मुळीच नको. दुसरा रंगही मागाहूनचाच. वर काचपेपराने कडांची गोलाई आणखी झिजेल, आणि खाचेतली पिवळी छटा गेली तर दाखवायला हाती काय उरेल? शिक्का, आकडे, खाच, सगळ्यांचे फोटो काढून घेतले. एका चिठ्ठीवर लिहिले: नेक मार्च १९६६, बटणे त्याच वर्षीची, बॉडी जुळती, रंग मागाहूनचा.

खाचेत कागदी पुठ्ठ्याची एक पातळ चकती निघाली होती, नेकचा कोन साधायला ठेवलेली. पोरगा ती फेकणार होता. ती होती तशी परत ठेवली, प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात बसू दिला आणि मग आवळला.