वर्गणी भरलेलें दार

भारत सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेनें १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० संशोधनपर नियतकालिकें सरकारी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस इंटरनेटवर खुलीं झालीं. तीन वर्षांकरितां ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्यानें वाचक आंत पोहोंचला असें मात्र नव्हे.

प्रकाशकाच्या संकेतस्थळावर लेखाशेजारीं ठळक किंमत आणि 'लॉगिन' अशी एकच मोघम पाटी असली, कीं घोटाळा झालाच! कोणत्या खात्यानें लॉगिन करावयाचें? वाचकानें स्वतः उघडलेलें खासगी खातें त्याची ओळख पटवितें. वर्गणीचा हक्क तें देत नाहीं. तो हक्क संस्थेचा. संस्थेच्या आवारांतील इंटरनेट-जोडणीवरून किंवा संस्थेनें दिलेल्या खात्यावरून तो सिद्ध होतो. हा भेद न कळल्यामुळें सुटींत गांवीं गेलेली विद्यार्थिनी खासगी खात्यानें लॉगिन करते, दार बंदच पाहते, आणि राष्ट्रानें ज्याचे पैसे आधींच भरले तो लेख विकत घ्यावा कीं सोडावा, या विचारांत पडते. बहुधा सोडूनच देते.

यास्तव 'संस्थेमार्फत प्रवेश' ही पाटी वेगळी व किंमतीच्या वर हवी. प्रवेश नाकारतांना कारणहि सांगावें: सांकेतिक शब्द चुकला, कीं संस्थेच्या वर्गणींत हें नियतकालिकच नाहीं? आणि प्रवेश मिळाल्यावर वाचकास मुखपृष्ठावर नव्हे, तर त्यानें मागितलेल्या लेखावरच नेऊन सोडावें.