थंड पाण्यातलं बुडालेलं जहाज आणि पाणबुड्याचं गणित



सुट्टीत तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून आलेली मुलं हल्ली वर्गात असतात. तिथलं पाणी उबदार, खोलीही कमी. पण हेच डायव्हिंग थंड आणि खोल पाण्यात, बुडालेल्या जहाजापाशी करायचं असेल तर? दाब, उष्णता आणि वायू हे तिन्ही मुद्दे या एका उदाहरणातून छान समजावता येतात.

जहाजं कुठे आहेत?
स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांच्यामधल्या 'स्कापा फ्लो' या समुद्रात पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची ७४ लढाऊ जहाजं अडकवून ठेवली होती. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून खलाशांनी ती स्वतःच बुडवली. ५२ जहाजं तळाला गेली. पुढे बहुतेक बाहेर काढली, पण सात मोठी जहाजं अजून तिथेच आहेत. 'मार्कग्राफ' ही युद्धनौका साधारण ४५ मीटर खोलीवर उलटी पडली आहे.

थंडी काय करते?
पाणी आपल्या अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. म्हणून पाणबुडे आत गरम कपडे आणि वरून पाणी आत न येणारा ड्राय सूट घालतात. बोटं बधिर झाली तर साधी झडपसुद्धा फिरवता येत नाही.

दाब काय करतो?
दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट, आणि सिलिंडरमधली हवाही पाचपट लवकर संपते! शिवाय दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. पाणबुड्या झटकन वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. त्याने सांधे दुखतात, लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून मिनिटाला साधारण ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, आणि वाटेत थांबे घ्यायचे.

वर्गात करून पाहा
सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीचं झाकण झटकन उघडा, दुसरीचं अगदी हळूहळू. फेस कुठे जास्त येतो ते मुलांनाच सांगू द्या.

मग हा प्रश्न विचारा : थंडी वाजतेय, हवा कमी होतेय, तरी घाईने वर येता येत नाही. मग परतायची वेळ पाणबुड्याने कधी ठरवावी?

उत्तर आहे, पाण्यात उतरण्याआधीच. खाली गेल्यावर "अजून दोनच मिनिटं" असं म्हणायची सोय नसते. परतीची हवा आधी बाजूला काढायची, उरलेल्या हवेत जहाज पाहायचं. वजाबाकीचं याहून मोलाचं उदाहरण कुठलं?