तिसऱ्या मजल्याचा जिना आणि साठीनंतरचे पाय

बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. गिरगाव-परळची खोली सोडून परवडणाऱ्या घरासाठी इकडे आलेल्या पिढीने हे अंतर वर्षानुवर्षं, बहुतेक वेळा उभ्यानेच कापलं. बेलवलीतून स्टेशनपर्यंत झपाझप चालायचं, पूल चढायचा-उतरायचा, गर्दीत दांडा धरून तोल सांभाळायचा. व्यायाम म्हणून वेगळं काही करायची गरजच नव्हती. मग निवृत्तीची तारीख आली आणि दुसऱ्या दिवसापासून हे सगळं एकदम बंद.

आता घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि गुडघा कुरकुरतोय. दिवसातून तीनदा उतरणारा माणूस एकदाच उतरू लागतो. मग भाजी मुलगा आणतो, दूध दारात येतं, औषधं फोनवर मागवली जातात. "बाबा, तुम्ही कशाला उतरता? वय झालंय आता," हे घरचे अगदी मायेने म्हणतात. नुकसान मात्र त्या मायेनेच होतं.

वय वाढलं की स्नायू घटतात, हे खरं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्के आणि साठीनंतर आणखी वेगाने. पण या घसरणीतला बराच वाटा वयाचा नसून बसून राहण्याचा असतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. दहा दिवस म्हणजे आपल्याकडे एका साध्या तापाची विश्रांती.

उलट दिशेचा पुरावाही आहे, आणि तो जास्त थक्क करणारा. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनं उचलायला लावली. १९९० साली निष्कर्ष छापून आले. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती आणि दोघांच्या हातातली काठी सुटली होती.

अशा बातम्या वाचून पंच्याहत्तरीच्या गृहस्थांनी लगेच जिमचा रस्ता धरावा असं नाही. नव्वदीतल्या मॅरेथॉनपटूंच्या कहाण्या वर्तमानपत्रात छान दिसतात. गुडघा धरून जिन्यावर थांबलेल्या माणसाला त्यांचा उपयोग फारसा नसतो. त्याला हवं असतं ते वेगळंच. पूर्वीसारखं जमत नसेल, तर कसं करायचं?

याचं उत्तर पुण्यात एका माणसाने आयुष्यभर शोधलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून पुण्यात योग शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर सगळं होऊन गेलेलं, शरीर काटकुळं. अवघड आसन सगळ्यांना जमत नाही हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. मग त्यांनी साधनं आणली: लाकडी ठोकळे, पट्टे, भिंतीला बांधलेले दोर, लोड, घड्या घातलेल्या चादरी आणि पाठ काढून टाकलेली लोखंडी घडीची खुर्ची. हात जमिनीपर्यंत पोचत नसेल तर हाताखाली ठोकळा द्यायचा. पाय उभं राहू देत नसतील तर तेच आसन खुर्चीवर. काही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, पण साधनं टिकली. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडे शीर्षासन शिकल्या.

अय्यंगारांची स्वतःची खरी परीक्षा १९७९ मध्ये झाली. वयाच्या साठाव्या वर्षी स्कूटरच्या अपघातात पाठीचा कणा आणि खांदा दुखावला, आणि काही महिन्यांतच दुसरा अपघात झाला. जगाला आसनं शिकवणाऱ्या माणसाला साधी आसनं जमेनात. दुसऱ्यांसाठी बनवलेल्या साधनांवर त्यांनी स्वतः पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्यात वर्षं गेली. २०१४ मध्ये ९५व्या वर्षी ते गेले, तोवर सराव चालू होता. उतारवयात बाकावर, खुर्चीवर शरीर टेकवून, पण आसनात अधिक वेळ थांबून. (शीर्षासनाचं अनुकरण मात्र कुणी घरी करू नये. रक्तदाब, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडं असणाऱ्यांना ते महागात पडेल.)

बाबा आमट्यांचं उदाहरण आणखी टोकाचं. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. म्हणून १९८५च्या अखेरीस निघालेल्या कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रेत तरुण मुलं सायकलवर होती आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीतल्या बिछान्यावर. मुक्काम आला की उभं राहून बोलायचे.

आपल्या घरात हेच छोट्या मापात करता येतं. विळीवर बसणं होत नसेल तर ओट्याशी उभं राहून सुरीने चिरा, पण स्वयंपाकघर सोडू नका. कोंडेश्वरची पायवाट झेपत नसेल तर उल्हास नदीकडचा सपाट रस्ता आहे. काठीची लाज तर मुळीच नको, फक्त ती नीट धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून ती कोपऱ्यात ठेवतात. मूठ मनगटाच्या उंचीला यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर ताण जास्त येतो, म्हणून कठडा उतरतानाच अधिक गरजेचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी दिलेला हिशेब असा: आठवड्याला किमान १५० मिनिटं दम थोडा वाढेल असं चालणं किंवा तत्सम हालचाल, आणि शिवाय तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम. चालण्याचा भाग आपल्याकडे माहीत आहे. दुसरा कुणीच करत नाही, आणि पडण्यापासून वाचवतो तो दुसराच.

ताकद मोजायची तर यंत्र लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हातांची छातीवर घडी घाला आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांचा आकडा बारापेक्षा कमी आणि स्त्रियांचा अकरापेक्षा कमी आला, तर पडण्याचा धोका वाढला असं समजतात. हीच उठबस मग रोजचा व्यायामही होते. छातीत दुखणं, चक्कर, नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालणं पहाटेच. पावसात निसरड्या फरशांवर चालण्याचा हट्ट नको. त्या दिवसांत जिन्याचे दोन मजलेच पुरे. अर्थात जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि प्रत्येक वळणावर दिवा असेल तरच. सोसायटीच्या सभेत दर्शनी रंगावर दोन तास वाद होतो. कठड्याचा खर्च रंगाच्या तुलनेत किरकोळ असतो, तरी त्याचा ठराव पुढच्या सभेपर्यंत ढकलला जातो.