गावठी कुत्र्यालाही कांदा बाधतो

‘गावठी आहे ते, त्याला काहीही पचतं.’ शिरूरच्या मळ्यांत, दौंडच्या उसाच्या पट्ट्यात, भीमेच्या आणि घोडनदीच्या दोन्ही काठांवर हे वाक्य ऐकू येतं. याच वाक्याच्या भरवशावर रविवारी उरलेला मटणाचा रस्सा, कांद्याची भजी, यात्रेच्या पंगतीतलं उष्टं असं सगळं एकाच टोपलीत गोळा होऊन गोठ्याजवळ बांधलेल्या कुत्र्यापुढे जातं. बिबट्याच्या भागात रात्रभर जागून जे जनावर गुरांची राखण करतं, त्याच्या पोटात काय जातंय याचा विचार कुणी करत नाही, याचं वाईट वाटतं आणि रागही येतो.

कांद्यात गंधकाची संयुगं असतात. कुत्र्याच्या शरीरात ती तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गाठी पेशीच्या कडेला साचतात. डॉक्टर त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, आणि रक्ताची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की त्या दिसतात. अशा पेशी फुटतात किंवा शरीरच त्या काढून टाकतं, आणि कुत्र्याच्या अंगातलं रक्त कमी होत जातं. हे आजकालच्या शहरी श्वानप्रेमींनी काढलेलं खूळ नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या सेब्रेल या संशोधकांनी कुत्र्यांना कांदा खाऊ घालून होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास 1930 साली छापला आहे.

आता प्रमाण. पशुवैद्यकीय साहित्यात कुत्र्यासाठी धोक्याची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा अशी दिली जाते. पंधरा किलोच्या कुत्र्याला सव्वादोनशे ग्रॅम म्हणजे दोन-तीन मध्यम कांदे पुरतात. तीन किलोच्या पिल्लाला अर्धा कांदा. बोटभर रस्सा चाटला म्हणून कुत्रं मरत नाही, हे खरं. पण आपल्याकडचं कांदा-खोबऱ्याचं वाटण आठवा. पातेल्याच्या तळाशी जो जाड मसाला उरतो तो मुख्यतः कांदाच असतो, आणि तोच भाकरीवर ओतून कुत्र्याला घातला जातो. शिवाय एकदाच भरपूर खाण्याचीही गरज नाही. रोज थोडाथोडा पोटात गेला तरी नुकसान साचत जातं.

‘कच्चा कांदा वाईट असेल, शिजवल्यावर काय उरतंय त्यात?’ हे पुढचं उत्तर तयार असतं. शिजवून, तळून, वाळवून किंवा पूड करून हे विष जात नाही. कांद्याची पात आणि लसूणही त्याच कुळातले. लसूण खाऊ घातला की गोचीड पळतात, हा सल्ला तर छातीठोकपणे दिला जातो. गोचीड त्यानं हटत नाहीत. गोचिडांवर औषध आहे, तेच लावा.

मग ‘आमच्याकडं वर्षानुवर्षं घालतात, कधी काही झालं नाही’ याचं काय? झालेलं कळत नाही, हे त्याचं उत्तर. कांदा खाल्ल्यावर त्याच दिवशी फार तर उलटी किंवा जुलाब होतात, कधी तेही नाही. खरा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. कुत्रं मरगळतं, धापा टाकतं, हिरड्या पांढरट पडतात, लघवी तांबूस-काळपट होते. तोवर रविवारचं जेवण सगळे विसरलेले असतात. त्यात आपल्या भागात गोचीड ताप भरपूर, आणि त्याचीही लक्षणं बरीचशी अशीच. मालक म्हणतो गोचीड ताप, त्याच अंदाजानं सुई टोचली जाते, आणि कांद्याचं नाव कुठंच येत नाही. गेलेल्या कुत्र्याच्या जागी दुसरं पिल्लू येतं. जगलेली कुत्री सगळ्यांना दिसतात, मेलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो? म्हणून दवाखान्यात नेताना गेल्या आठवड्यात त्यानं काय काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगाच. बराखीतून निवडून बाहेर फेकलेला सडका कांदाही कुत्र्याच्या वाटेत ठेवू नका.

उलट, ज्या भाकरीला उगाच बदनाम केलं जातं ती कुत्र्याला चालते. ‘नेचर’मध्ये 2013 साली आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात लांडग्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती आढळल्या, कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलं. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही. सोबत उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं मांस हवं. भात-भाकरीनं किंवा चिमूटभर मिठानं केस झडतात हेही खोटं. केस झडण्यामागे बहुतेक वेळा खरूज, पिसवा नाहीतर गोचीड असतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात. मोठ्या कुत्र्याला दुधानं जुलाब होऊ शकतात, त्यापेक्षा ताक बरं. गुळानं जंत होत नाहीत. पिल्लाला ते बहुधा आईकडून, पोटात असतानाच किंवा दुधातून मिळतात. द्राक्षं आणि शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं. चिंचेतही तेच आम्ल असतं, म्हणून आंबटगोड आमटीही नको. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम तर अजिबात नको.

कच्च्या मांसानं कुत्रं पिसाळतं, हाही एक जुना समज. रेबीज विषाणूनं होतो, आणि तो पसरतो मुख्यतः पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून. कच्च्या मांसाचा खरा धोका वेगळा आहे आणि तो माणसालाही आहे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत धनगरांचे मेंढ्यांचे वाडे उतरतात, घरोघरी शेळ्या आहेत. मेंढीच्या काळजात किंवा फुफ्फुसात पाण्यानं भरलेले फोड दिसले की तो तुकडा कापून कुत्र्याकडे फेकतात. ते फोड एका जंताचे असू शकतात, त्यांना हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात त्याचे जंत वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती हाताला किंवा भाजीला लागून आपल्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात तसेच फोड धरतात. असा तुकडा जाळा किंवा खोल पुरा. इतर आतडी-काळीज घालायचंच असेल तर अर्धा तास चांगलं उकळून.

यातलं काहीच खर्चाचं नाही. फोडणी देण्याआधी वाटीभर शिजलेलं वरण बाजूला काढा. मटण शिजवताना कांदा-आलं-लसूण पडण्याआधीचं आळणी पाणी काढून ठेवा आणि त्यात भाकरी कुस्करा. आणि कुत्र्यानं चुकून कांदा खाल्लाच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठानंही कुत्री दगावतात. उलटी करवण्याचं औषध पहिल्या दोनेक तासांतच उपयोगी पडतं, म्हणून लगेच डॉक्टरांना फोन करा आणि कुत्र्याचं वजन किती व कांदे साधारण किती खाल्ले ते सांगा.