डोळा पुढे आला तर

दवाखान्यातून आपण कागद घेऊन येतो. त्यावर डॉक्टरांनी काही लांबलचक शब्द लिहिलेले असतात. आता आपल्याला अक्षरे वाचता येतात. पण अर्थ कळत नाही, म्हणून आपण कागदाची घडी घालून तो फडताळात ठेवून देतो. आज अशाच काही शब्दांची ओळख करून घेऊ. शब्द अवघड आहेत, अर्थ सोपा आहे. आणि वेळ आली तर त्या अर्थावर माणसाची दृष्टी अवलंबून असते.

पहिला शब्द ‘एक्सॉफ्थॅल्मॉस’. हा मूळचा ग्रीक शब्द. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. ‘ऑफ्थॅल्मॉस’ म्हणजे डोळा. डोळा बाहेर आला, एवढाच त्याचा अर्थ. ‘प्रॉप्टोसिस’ असे लिहिले असेल, तरी बहुधा तेच समजावे. याच्या उलट डोळा आत गेला, तर ‘एनॉफ्थॅल्मॉस’ म्हणतात.

कुणाचे डोळे मुळातच बटबटीत असतात. तो काही आजार नव्हे. पण पूर्वी तसे नव्हते आणि आता दिसू लागले, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे दिसू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. शंका आली तर जुना फोटो शोधावा आणि ताडून पाहावे. डॉक्टरही तसेच करतात.

डोळा पुढे का येतो?

भिंतीतला कोनाडा आठवा. तो मागून आणि बाजूंनी बंद, फक्त पुढून उघडा. त्यात चेंडू ठेवला आणि मागे कापूस कोंबला, तर काय होईल? चेंडू पुढे सरकेल. डोळ्याची खोबण म्हणजे हाडांचा असाच कोनाडा. डोळ्याच्या मागे चरबी असते, डोळा हलवणारे स्नायू असतात, आणि दिसलेले मेंदूपर्यंत नेणारी नस असते. मागे सूज आली, रक्त साठले किंवा गाठ वाढली, की डोळा पुढे येतो.

दुसरा शब्द ‘ट्रॉमा’. ट्रॉमा म्हणजे इजा. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. कागदावर ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक’ असेल, तर ‘इजेनंतर झालेले’ असे वाचावे. समजा, बैलाचे शिंग डोळ्यापाशी लागले, किंवा मोटारसायकलवरून पडून तोंडाला मार बसला. मग काय काय होऊ शकते?

एक, डोळ्यामागे रक्त साठते. डोळा पुढे येतो, गोटीसारखा कडक लागतो, फार दुखतो आणि अंधुक दिसू लागते. यात घाई सर्वांत मोठी. मागची नस दाबली जाते आणि सुमारे दीड-दोन तासांत नजर कायमची जाऊ शकते. डॉक्टर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला लहानसा छेद देऊन दाब कमी करतात. ‘सकाळी बघू’ म्हटलं, तर सकाळी उशीर झालेला असतो.

दोन, खोबणीचे तळाचे पातळ हाड मोडते. मग डोळा आत जातो. पण आधी सूज असते, म्हणून ते दिसत नाही. सूज उतरली की खोल गेलेला डोळा कळतो. एकाचे दोन दिसतात, गाल बधिर होतो. अशा वेळी नाक जोराने शिंकरू नये.

तीन, डोक्याला मार लागून बरे वाटू लागते, आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, डोळा लाल होऊन पुढे येतो. तो नाडीबरोबर उडतो. डोक्यात सूं-सूं आवाज येतो. आत मोठी रक्तवाहिनी फाटून तिचे रक्त उलट डोळ्याकडे येत असते. बहुधा मांडीतून बारीक नळी घालून हे भोक बंद करता येते. म्हणून डॉक्टरांना जुन्या माराचे जरूर सांगावे.

मार लागला नसेल तर?

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बिघडली, तरी डोळे पुढे येतात. मोठ्या माणसांत हेच कारण सर्वांत जास्त आढळते. छाती धडधडते, माणूस वाळतो, हात कापतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज या डॉक्टरांनी १८३५ साली याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘ग्रेव्हजचा रोग’ म्हणतात. यावर औषध आहे. बिडी-सिगारेट मात्र सोडली पाहिजे. तिने डोळे आणखी बिघडतात.

ताप येऊन डोळा सुजला आणि पुढे आला, तर तेही घाईचे दुखणे समजावे.

लक्षात ठेवा

मार लागलेला डोळा चोळू नये, दाबू नये. त्यात दूध, मध, तूप घालू नये. काही रुतले असेल, तर उपसू नये. डोळ्याला टेकणार नाही अशी स्वच्छ वाटी वर धरावी आणि थेट मोठा दवाखाना गाठावा. मार केव्हा लागला, ती वेळ सांगावी.

आणि कागदावरचा शब्द कळला नाही, तर ‘डॉक्टरसाहेब, याचा अर्थ काय?’ असे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.